रेलिक साइट फोडताना कोअरपर्यंत जीव कसा वाचवायचा: ईव्ह ऑनलाइनच्या हॅकिंग मिनी-गेमची पायरीवार कृती

ईव्ह ऑनलाइन या अंतराळातल्या ऑनलाइन खेळात मालाच्या कंटेनरवर हॅक सुरू करायचा, बोर्डवर समोर येईल तो नोड (जाळ्यातला बिंदू) उघडत सुटायचं, जो अडथळा अंगावर येईल त्याच्याशी भिडायचं, आणि कोअर (पाडला की कंटेनर उघडतो तो गाभा) सापडतो तेव्हा आपल्या व्हायरसच्या अंगात १५ जीव शिल्लक. नव्या खेळाडूंचे दहातले आठ हॅक मी असेच फसताना पाहिलेत. माझेही सुरुवातीला असेच फसायचे. मग दोष नशिबाला, नाहीतर 'बोर्डच खराब आला' म्हणून मोकळं व्हायचं. बोर्ड कधीकधी खरंच खराब येतो, पण आपण समजतो तितक्यांदा नाही.

खालची कृती रेलिक साइटसाठी, म्हणजे जुन्या अवशेषांच्या जागांसाठी लिहिली आहे. डेटा साइटचा बोर्ड अगदी तसाच असतो, फक्त साधन आणि कौशल्य बदलतं. प्रोब टाकून साइट शोधण्याची माहिती इथे दिलेली नाही. सिग्नल शंभर टक्के होऊन तुम्ही साइटवर उतरला आहात, असं धरून चालतो.

आधी दोन शब्द पक्के करून घेऊ. खेळात व्हायरसला 'कोहिरन्स' आणि 'स्ट्रेंग्थ' असे दोन आकडे असतात. मी त्यांना जीव आणि मार म्हणतो. तुमच्या व्हायरसला जीव आणि मार असतो, तसा समोरच्या प्रत्येक अडथळ्यालाही असतो. जीव शून्य झाला की खेळ खलास.

## टप्पा १: निघण्यापूर्वी

हॅक बोर्डवर हरतो त्याहून जास्त वेळा तो स्टेशनवरच हरलेला असतो. म्हणून हे आकडे नीट बघा.

रेलिक अ‍ॅनालायझर म्हणजे जहाजावर बसवायचं हॅकिंगचं साधन. साधा, म्हणजे टी-१, व्हायरसला ४० जीव आणि २० मार देतो. त्याहून वरचा टी-२ अ‍ॅनालायझर ६० जीव आणि ३० मार देतो. 'आर्किऑलॉजी' कौशल्याच्या प्रत्येक पातळीमागे १० जीव वाढतो. हेरॉन, इमिकस, मॅग्नेट, प्रोब ही शोधमोहिमेची साधी फ्रिगेट जहाजं माराला ५ जोडतात, लपून वावरणारी कव्हर्ट ऑप्स जहाजं १० जोडतात.

म्हणजे हेरॉन, टी-१ अ‍ॅनालायझर आणि तिसऱ्या पातळीचं आर्किऑलॉजी असेल तर तुमच्याकडे ७० जीव आणि २५ मार. टी-२ लावायला कौशल्य पाचव्या पातळीवर लागतं. तेच कव्हर्ट ऑप्सवर चढवलं की ११० जीव आणि ४० मार. दोन्ही खेळाडू एकच बोर्ड खेळत असतात, पण खेळ वेगवेगळा असतो.

इथे एक गोष्ट निसटते. कौशल्याने जीव वाढतो, मार वाढत नाही. मार मुख्यतः साधनातून आणि जहाजातून येतो. 'पातळी चार केली तरी अँटी-व्हायरस (बोर्डवरचा एक अडथळा) एका फटक्यात मरत नाही' ही तक्रार यातूनच येते.

रिगची (जहाजात बसवायच्या सुधारणेची) एक जागा 'इमिशन स्कोप शार्पनर'ला द्या. रेलिकसाठी जीव वाढवणारा रिग हाच. 'मेमेटिक अल्गोरिदम बँक' डेटासाठी आहे, त्याचा रेलिकला उपयोग नाही. आणि कार्गो स्कॅनर घ्याच. कंटेनरमध्ये काय आहे ते फोडण्याआधी कळतं, मग भंगारासाठी जीव पाखडत बसावं लागत नाही.

> निघण्यापूर्वी तपासा: अ‍ॅनालायझर रेलिकचाच आहे ना? कौशल्य 'आर्किऑलॉजी'च वाढवलंय ना, की 'हॅकिंग'? ही अदलाबदल इतकी सर्रास होते की मी स्वतःच एकदा डेटा अ‍ॅनालायझर लावून अकरा सिस्टीम पार करून रेलिक साइटवर पोहोचलो होतो.

भारतातल्या खेळाडूंसाठी एक वेगळी सूचना. सर्व्हर रोज ११:०० यूटीसीला देखभालीसाठी बंद होतो. आपल्याकडे तेव्हा दुपारचे साडेचार वाजलेले असतात. सव्वाचारला नवी साइट सुरू करू नका.

## टप्पा २: साइट ओळखा, मग जागा धरा

सगळ्या साइट एकसारख्या नसतात. नावात एंजल, ब्लड रेडर, गुरिस्टास, सान्शा किंवा सर्पेंटिस यांपैकी एखाद्या टोळीचं नाव आणि सोबत 'क्रम्बलिंग', 'डिकेड' किंवा 'रुइन्ड' असेल, तर तिथे तुमच्यावर गोळ्या झाडणारं खेळातलं कुणी नसतं. 'क्रम्बलिंग' सर्वांत सोपी, 'रुइन्ड' सर्वांत कठीण.

> इशारा: वर्महोलमध्ये 'फर्गॉटन' किंवा 'अनसिक्युअर्ड' या शब्दांनी सुरू होणारं नाव दिसलं तर उतरूच नका. तिथे स्लीपर ड्रोन पहारा देतात आणि फ्रिगेट काही क्षणांत संपवतात. 'कव्हर्ट रिसर्च फॅसिलिटी' आणि 'स्लीपर कॅश' यांचे नियमही वेगळे आहेत. तिथे घड्याळ आणि स्फोट असतात. खालची कृती तिथे चालणार नाही.

कंटेनरपासून किती अंतरावर थांबायचं? बरेच जण सरळ चिकटून उभे राहतात. माल उचलायला २५०० मीटरच्या आत असावं लागतं, हे खरं. पण कुठल्याही वस्तूच्या २००० मीटरच्या आत असताना क्लोक, म्हणजे जहाज अदृश्य करणारं साधन, लागत नाही. म्हणून २००० आणि २५०० यांच्या मधली पट्टी धरा, साधारण २२०० ते २३००. माल हाताशी राहतो आणि पळायची वेळ आली तर क्लोकही लागतो.

आता कार्गो स्कॅनर चालवा. किमती मालाचा कंटेनर पहिला घ्या. कुणी मध्येच आलं आणि पळावं लागलं तर निदान मलई तरी तुमच्या पोटात गेलेली असेल.

## टप्पा ३: बोर्डवरचे आकडे वाचायला शिका

बोर्ड षटकोनी जाळ्याचा असतो. उघडलेल्या नोडला लागून असलेलाच नोड पुढे उघडता येतो. नोड रिकामा निघाला तर त्यावर १ ते ५ यांपैकी एक आकडा दिसतो.

आकडे म्हटलं की डोक्यात माइनस्वीपर येतो, आणि तिथेच घोटाळा होतो. माइनस्वीपरमध्ये आकडा म्हणजे शेजारचे सुरुंग. इथे आकडा म्हणजे अंतर, आणि तेही चांगल्या वस्तूपर्यंतचं. अजून न उघडलेली सर्वांत जवळची युटिलिटी (हॅकमध्ये वापरायची मदत), डेटा कॅश (आत काय आहे ते फोडल्यावरच कळणारा नोड) किंवा कोअर किती पावलांवर आहे, एवढंच तो सांगतो. अडथळ्यांबद्दल तो चकार शब्द काढत नाही. १ दिसला म्हणून घाबरू नका, ५ दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका.

५ म्हणजे पाच किंवा त्याहून जास्त. हा आकडा मला सर्वांत उपयोगी वाटतो, कारण आसपास चार पावलांत कामाचं काही नाही हे तो सांगतो. तिथे रिकामे नोड असतील किंवा अडथळे, तिसरं काही नाही. त्या भागात विनाकारण एकही नोड उघडू नका. फक्त पलीकडे जाण्यापुरती एक वाट काढा.

शेजारच्या दोन नोडांच्या आकड्यांत फरक फार तर एकाचा असतो. ३ वरून २ वर आलात तर जवळ येताय, ३ वरून ४ वर गेलात तर लांब जाताय. ३ वरून पुन्हा ३ आला तर वस्तू दोन्हींपासून सारख्याच अंतरावर आहे, नाहीतर दोन वेगळ्या वस्तू आहेत. दोन-तीन आकडे एकमेकांशी ताडून पाहिले की बहुतेक वेळा एक-दोन नोडच संशयाच्या घेऱ्यात उरतात.

लक्षात असू द्या, आकडा *कोअरचं* अंतर सांगतो असं नाही. २ चा माग काढत गेलात आणि युटिलिटी हाती लागली, तर कोअर अजून कुठेही असू शकतो.

> तपासा: पुढचा नोड उघडण्याआधी स्वतःला विचारा, 'हाच का?' उत्तर 'जवळ आहे म्हणून' असेल तर हात मागे घ्या. साध्या साइटवर बोर्डला घड्याळ नसतं. दोन मिनिटं विचार केलात तरी बोर्ड काही करत नाही, तो फक्त तुमच्या चालीला उत्तर देतो.

## टप्पा ४: उघडण्याचा क्रम

अडथळा उघडा पडला की तो आपल्या भोवतीचे न उघडलेले नोड अडवून बसतो. तो मरेपर्यंत ते उघडत नाहीत. पण आधीच उघडलेले नोड त्याला अडवता येत नाहीत. या एका वाक्यात अर्धा खेळ आहे.

मधला नोड उघडलात आणि तिथे फायरवॉल हा अडथळा निघाला, तर एकदम पाच नोड अडकू शकतात. काठावरचा, दोन-तीनच शेजारी असलेला नोड उघडलात आणि तीच फायरवॉल निघाली, तर एखादाच अडकेल. फायरवॉल तीच, नुकसान वेगळं. म्हणून:

१. सुरुवात काठाकाठाने करा.
२. दोन पर्याय सारखेच असतील तर ज्याचे न उघडलेले शेजारी कमी, तो आधी उघडा.
३. मधे जायचंच असेल तर आधी त्या नोडच्या आजूबाजूचे सुरक्षित वाटणारे नोड उघडून घ्या. मग मधे काहीही निघालं तरी अडवायला फारसं काही उरत नाही.
४. डेटा कॅश दिसला की लगेच फोडू नका. तो एका क्लिकने दिसतो आणि दुसऱ्या क्लिकने उघडतो. आत युटिलिटी असू शकते, तसाच अडथळाही. भोवतालचे नोड उघडून झाल्यावरच त्याला हात लावा. कोअर सापडला आणि जीव पुरेसा असेल तर हातही लावू नका.

युटिलिटी ठेवायला तीनच जागा असतात. तिन्ही भरल्या तरी घाबरून एखादी वाया घालवू नका. सापडलेली युटिलिटी बोर्डवरच पडून राहते, जागा झाली की उचला.

## टप्पा ५: भिडायचं की वळसा घालायचा

भिडण्याआधी हिशोब करा. हिशोब सोपा आहे. पहिला फटका तुमचा असतो. समोरचा त्यातून वाचला तरच उलटून मारतो. म्हणजे मारायला जितके फटके लागतील, त्याहून एक कमी वेळा तुम्हाला मार बसेल.

समजा, अँटी-व्हायरस आहे, त्याचा जीव ३० आणि मार ३०. तुमचा मार २५. पहिल्या फटक्यानंतर त्याचा जीव ५ उरतो, तो उलटून ३० मारतो, मग तुम्ही संपवता. खर्च ३०. तुमचा मार ३० असता तर एका फटक्यात काम झालं असतं, खर्च शून्य. पाच माराचा फरक इथे तीस जीव वाचवतो. म्हणूनच कौशल्याची पुढची पातळी आणि चांगलं जहाज यांत आधी काय, असं कुणी विचारलं तर मी जहाज म्हणतो.

आता फायरवॉल घ्या, जीव ८० आणि मार २०. तुमचा मार २५ असेल तर चार फटके लागतील, त्यात तीनदा उलटा मार, खर्च ६०. सत्तर जीवाच्या हेरॉनवाल्याने ही एक फायरवॉल पाडली की तो संपल्यातच जमा. ४० माराच्या जहाजाला तीच फायरवॉल दोन फटक्यांत आणि २० जीवात पडते.

फायरवॉल जीवाला चिवट आणि माराला हलकी, अँटी-व्हायरस जीवाला हलका आणि माराला जबर, हे ढोबळ चित्र. पण भरवसा चित्रावर नको, नोडवर लिहिलेल्या आकड्यांवर ठेवा.

वळसा शक्य असेल तर वळसाच घाला. अडथळा बोर्डवर जिवंत राहिला म्हणून तुमचं काही बिघडत नाही. बोर्ड साफ करायचे गुण मिळत नाहीत, कोअर पडला की कंटेनर उघडतो. याला दोनच अपवाद आहेत. पहिला सप्रेसर. तो जिवंत असेपर्यंत तुमच्या व्हायरसचा मार खाली दाबून ठेवतो, म्हणजे पुढची प्रत्येक लढाई महाग करतो. उघडा पडला की आधी तोच पाडा. तो मेला की मार पूर्ववत होतो. दुसरा अपवाद सांगायला मात्र वेगळा टप्पा लागेल.

## टप्पा ६: रिस्टोरेशन नोड

सर्वांत जास्त हॅक याच्यामुळे बुडतात, कारण हा दिसायला गरीब असतो. मार कमी, म्हणून लोक त्याला सोडून देतात आणि शेजारच्या फायरवॉलशी लढत बसतात.

रिस्टोरेशन नोड स्वतः फार मारत नाही. तुमच्या प्रत्येक चालीला तो दुसऱ्या एखाद्या अडथळ्याच्या जिवात भर घालतो. तुमचा मार २५ आहे, फायरवॉलवर फटका मारलात, आणि समजा याने तिच्यात २० परत भरले. हाती काय लागलं? पाच. वर फायरवॉलचा उलटा मार खाल्ला तो वेगळाच. भिंत पाडणारे तुम्ही एकटे आणि मागून विटा रचणारा गवंडी ताजातवाना, असा तो प्रकार.

मी पाळतो तो क्रम असा:

१. रिस्टोरेशन नोड उघडा पडला की चालू लढाईकडे एक नजर टाका. समोरचा अडथळा पुढच्या एका फटक्यात मरणार असेल तर तो आधी संपवा.
२. नाहीतर लढाई तिथेच सोडा आणि रिस्टोरेशन नोडवर वळा. जीव ८० आणि मार १० असा नोड असेल तर २५ मारवाल्याला चार फटके आणि ३० जीव खर्च येतो, ४० मारवाल्याला दोन फटके आणि १० जीव. हा खर्च टाळता येण्यासारखा नाही, पुढे ढकलला तर व्याजासह भरावा लागतो.
३. सप्रेसर आणि रिस्टोरेशन नोड दोन्ही एकदम उघडे असतील तर? दाबलेल्या माराने दोघांचा खर्च मांडून बघा. सप्रेसर दोन फटक्यांत पडणार असेल तर आधी सप्रेसर, कारण मग दुसरी लढाई पूर्ण माराने होते. सप्रेसरला चार-पाच फटके लागणार असतील तर मधल्या चालींत भरणी चालूच राहणार, म्हणून आधी रिस्टोरेशन नोड.
४. तो मरेपर्यंत नवा नोड उघडू नका. उघडलेला प्रत्येक नोड ही एक चाल असते, आणि प्रत्येक चाल त्याला फुकट मिळते.

यातून मागे जाऊन एक धडा निघतो, तो टप्पा ५ मध्येच पाळायचा: रिस्टोरेशन नोड उघडा पडलेला नसेल तर लढाई अर्धवट सोडू नका. निम्मा जीव काढून सोडलेली फायरवॉल म्हणजे नंतर येणाऱ्या रिस्टोरेशन नोडला आयतं काम. भिडायचं तर संपवायचं, नाहीतर भिडायचंच नाही.

> इशारा: कोअर उघडा पडलाय आणि रिस्टोरेशन नोडही जिवंत आहे, अशा वेळी 'कोअरच मारून टाकू' हा मोह आवरा. कोअर एका-दोन फटक्यांत पडणार असेल तरच त्याच्यावर जा.

## टप्पा ७: युटिलिटी कधी वापरायच्या

कर्नल रॉट समोरच्याचा जीव निम्मा करतो. साहजिकच तो भरल्या अंगावर वापरायचा. ९० जीवाच्या कोअरवर टाकला तर ४५ कापतो. आधी फटके मारून कोअर २० वर आणला आणि मग टाकला, तर फक्त १० कापतो. ही चूक इतकी नेमाने होते की हसू येतं.

सेकंडरी व्हेक्टर तीन चाली दर चालीला २० जीव खातो. कर्नल रॉट आणि हा दोन्ही हाताशी असतील तर आधी कर्नल रॉट, मग व्हेक्टर. आणि व्हेक्टर टाकल्यावर त्याच अडथळ्यावर लगेच तुटून पडायची गरज नाही. मधल्या चाली दुसरीकडचा एखादा सुरक्षित नोड उघडण्यात घालवा. व्हेक्टर आपलं काम करत राहतो आणि तुम्ही उलटा मार खात नाही. बोर्डवर रिस्टोरेशन नोड जिवंत नसेल, तरच अर्थात.

पॉलिमॉर्फिक शील्ड पुढचे दोन मार झेलते. ती फायरवॉलवर वाया घालवू नका, अँटी-व्हायरससाठी किंवा कोअरसाठी राखा. ४० चे दोन मार वाचले म्हणजे ८० जीव मिळाला. सेल्फ रिपेअर काही चाली थोडा थोडा जीव परत देतो. तो शेवटच्या फटक्यावर तगून असताना वापरण्यापेक्षा दोन-चार सुरक्षित नोड उघडायचे असतील तेव्हा वापरलेला बरा.

युटिलिटी साठवून ठेवून हरणारेही कमी नाहीत. बोर्ड संपला की त्या पुढच्या कंटेनरला येत नाहीत.

## टप्पा ८: कोअर, आणि हरलात तर

कोअर दिसला की शोध थांबवा. आता एकच हिशोब: किती फटके, त्यातून एक वजा, गुणिले कोअरचा मार. उत्तर तुमच्या जीवाहून कमी असेल तर मारा. जास्त असेल तरच बाकीचे नोड उघडून युटिलिटी शोधा, आणि तेही १ किंवा २ आकडा असलेल्या जागांभोवतीच.

पहिला प्रयत्न फसला तर कंटेनर आणखी एक संधी देतो. दुसऱ्यांदा फसलात की तो मालासकट नष्ट होतो. म्हणून दुसरा प्रयत्न रागात लगेच सुरू करू नका. आधी डी-स्कॅन (आसपासची जहाजं आणि प्रोब दाखवणारा स्कॅन) मारा.

हॅक चालू असताना बोर्डवरून नजर न हटवणं ही सर्वांत महागडी चूक. डी-स्कॅनची जास्तीत जास्त टप्प्याची मर्यादा १४.३ एयू (एक एयू म्हणजे पृथ्वी ते सूर्य अंतर) आहे. दर दोन-तीन चालींनी एकदा तो मारा, स्कॅन प्रोब किंवा अनोळखी जहाज दिसतंय का बघा. वर्महोलमध्ये तर लोकल चॅटची यादीही कुणी आल्याचं सांगत नाही, तिथे डी-स्कॅन हाच एक डोळा. दिसलं काही, तर हॅक सोडा, अ‍ॅनालायझर बंद करा, क्लोक लावा आणि जागा बदला. कव्हर्ट ऑप्स क्लोक असेल तर झाकलेल्या अवस्थेतच वार्प होता, म्हणजे दूर झेपावता येतं. साध्या क्लोकने येत नाही, त्यामुळे साधा क्लोक असेल तर वेळीच, म्हणजे समोरचा साइटवर उतरण्याआधीच, तिथून वार्प करून निघून जा.

एकदा कोअरला शेवटचा फटका उरलेला असताना मला प्रोब दिसले होते. मी फटका मारला, कंटेनर उघडला, आणि मालाची खिडकी उघडायच्या आत माझं जहाज फुटलं. माल दुसऱ्याने उचलला. कोअरला मारायच्या आधी डी-स्कॅनचं बटण दाबायची सवय मला तेव्हापासून लागली.